पॅनलमधली बॅटरी किती मोठी हवी?

इमारतीतल्या फायर अलार्मची चर्चा निघाली की डिटेक्टर कुठल्या कंपनीचे, हूटरचा आवाज किती, पॅनल किती झोनचं, हे प्रश्न हमखास येतात. पॅनलच्या तळाशी शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बॅटऱ्यांबद्दल सहसा कोणी विचारत नाही. लाईट आहे तोवर त्यांचं अस्तित्व जाणवतही नाही. पण आग आणि वीज जाणं या दोन गोष्टी अनेकदा एकत्रच येतात. शॉर्टसर्किट झालं की मेन ब्रेकर उडतो. अग्निशमन दल आलं की पाणी मारण्याआधी इमारतीचा पुरवठा तोडायला सांगतं. म्हणजे अलार्मची सगळ्यात जास्त गरज असते त्या घडीला तो बॅटरीवर चालत असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून या बॅटरीचा आकार कसा ठरतो आणि आपल्याकडे तो कसा ठरवला जातो, हे एकदा नीट पाहायला हवं.

बहुतेक पॅनल २४ व्होल्टवर चालतात आणि त्यांत १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-अॅसिड बॅटऱ्या असतात. बाजारात त्यांना एसएमएफ म्हणतात. ७, १२, १८, २६, ४२ अँपिअर-तास (एएच) हे त्यांचे नेहमी मिळणारे आकार. दोन्ही बॅटऱ्या मालिकेत जोडलेल्या असतात, त्यामुळे व्होल्टेज दुप्पट होतं, अँपिअर-तास मात्र एका बॅटरीचे असतात तेवढेच राहतात. ‘७ एएचच्या दोन, म्हणजे १४ एएच’ असा हिशेब मांडलेली कोटेशनं आजही सर्रास फिरतात आणि सोसायटीच्या सभेत ती बिनदिक्कत मंजूर होतात. हिशेबातली चूक इथूनच सुरू होते.

मूळ गणित शाळकरी मुलालाही जमेल असं आहे. सगळं शांत असताना यंत्रणा किती करंट घेते ते पाहायचं आणि ती जितके तास तग धरायला हवी त्या तासांनी गुणायचं. मग सगळे हूटर वाजत असताना किती करंट लागतो ते पाहायचं आणि जितका वेळ ते वाजायला हवेत त्याने गुणायचं. दोन्हींची बेरीज करून वर थोडी शिल्लक धरायची. सगळा वाद आहे तो किती तास, किती मिनिटं आणि किती शिल्लक याबद्दल.

तासांची उत्तरं देशोदेशीच्या संहितांनी वेगवेगळी दिली आहेत आणि प्रत्येकामागे काही विचार आहे. अमेरिकेतली एनएफपीए ७२ ही संहिता साधारणपणे २४ तास शांत अवस्था आणि त्यानंतर ५ मिनिटं अलार्म मागते. ध्वनिक्षेपकावरून सूचना देणारी यंत्रणा असेल तर ५ ऐवजी १५ मिनिटं. ब्रिटनची बीएस ५८३९ माणसांच्या बचावासाठी बसवलेल्या यंत्रणेला २४ तास आणि अर्धा तास अलार्म सांगते, पण निव्वळ मालमत्तेच्या रक्षणासाठी बसवलेल्या यंत्रणेसाठी ही मुदत ७२ तासांपर्यंत जाऊ शकते. कारण सोपं आहे. शुक्रवारी संध्याकाळी बंद झालेलं गोदाम सोमवारी सकाळी उघडतं, आणि मधल्या काळात लाईट गेल्याचं कळायला तिथे कोणीच नसतं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोची आयएस २१८९ आणि राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग हे आधार आहेत. निविदांमध्ये बहुतेक वेळा २४ तास आणि ३० मिनिटं असं लिहिलेलं दिसतं, काही सल्लागार ४८ तास मागतात. निविदेत काय लिहिलंय ते वाचूनच हिशेबाला बसावं, कारण या एका आकड्यावर बॅटरीचा आकार दुप्पट होतो.

जनरेटर असेल तर सवलत मिळते. आपोआप सुरू होणारा जनरेटर पाठीशी असेल तर अमेरिकन संहिता ४ तासांची बॅटरी चालवून घेते, ब्रिटिश संहिता ६ तासांची. आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये ही सवलत डोळे मिटून घेऊ नये असं माझं मत आहे. ‘डीजी आहे ना’ असं सांगितलं जातं, पण तो बहुधा लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी असतो. पॅनलला जाणारी वायर त्या फीडरवर आहे की नाही, हे वायरमनलाही अनेकदा सांगता येत नाही. शिवाय कित्येक ठिकाणी तो हाताने सुरू करावा लागतो आणि डिझेल किती आहे ते रखवालदाराच्या अंदाजावर असतं.

आता एक उदाहरण आकड्यांसकट मांडतो. तालुक्याच्या गावातलं तीन मजली खासगी रुग्णालय धरू. अॅड्रेसेबल पॅनल आहे. ते स्वतःसाठी १७० मिलिअँपिअर घेतं. १२० डिटेक्टर आहेत, प्रत्येकी ०.३ मिलिअँपिअरने ३६ होतात. काच फोडायचे कॉलपॉइंट आणि मॉड्यूल मिळून २४, त्यांचे सुमारे १०. परिचारिकांच्या टेबलापाशी एक रिपीटर पॅनल आहे, त्याचे ६४. एकूण २८० मिलिअँपिअर, म्हणजे ०.२८ अँपिअर. २४ तासांनी गुणलं की ६.७२ अँपिअर-तास.

अलार्मच्या वेळी पॅनल ३५०, रिपीटर १३०, डिटेक्टर आणि मॉड्यूल मिळून ५० घेतात. दिव्यासह वाजणारे २२ हूटर आहेत, प्रत्येकी ६० मिलिअँपिअर, म्हणजे १३२०. सगळे मिळून १.८५ अँपिअर. अर्ध्या तासाचे झाले ०.९२५ अँपिअर-तास.

बेरीज ७.६४५ येते. या रुग्णालयाच्या पॅनलमध्ये कारखान्यातून आलेली ७ एएचची जोडी असेल, तर ती नवीकोरी असतानाही पुरी पडणार नाही. आणि ७ एएचचीच जोडी असण्याची शक्यता मोठी आहे, कारण लहान-मध्यम पॅनलच्या डब्यात जागाच तेवढी असते. आपल्याकडे बॅटरीचा आकार हिशेबाने ठरण्याऐवजी डब्याच्या मापाने ठरतो. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

वर शिल्लक किती धरायची याची अमेरिकन आणि ब्रिटिश रीत वेगळी आहे. अमेरिकन हिशेबात अलार्म ५ मिनिटांचाच, म्हणून तो भाग ०.१५४ वर येतो. एकूण ६.८७४, त्यावर किमान २० टक्के, म्हणजे ८.२५ अँपिअर-तास. ब्रिटिश सूत्रात बेरजेला १.२५ ने गुणतात, कारण बॅटरी म्हातारी होणार हे त्यात गृहीत धरलेलं आहे. शिवाय अलार्मचा करंट बॅटरीच्या मानाने जड असेल तर तेवढ्या भागाला आणखी १.७५ ने गुणायचं. आपल्या उदाहरणात तो जड आहेच. हिशेब असा: ०.९२५ गुणिले १.७५ म्हणजे १.६१९, त्यात ६.७२ मिळवले की ८.३३९, आणि त्याला १.२५ ने गुणलं की १०.४२ अँपिअर-तास. म्हणजे बाजारातली १२ एएचची जोडी. निविदेत ४८ तास लिहिले असते तर हाच आकडा १८.८ वर गेला असता. तेव्हा १८ ची जोडी थोडक्यात कमी पडते आणि २६ घ्यावी लागते. तिथे ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून १८ बसवण्याचा मोह प्रत्येक कंत्राटदाराला होतो.

हा १.७५ कुठून येतो ते समजून घेण्यासारखं आहे. बॅटरीवर छापलेले अँपिअर-तास सहसा २० तासांच्या संथ उपशावर मोजलेले असतात. ७ एएचची बॅटरी म्हणजे ०.३५ अँपिअर २० तास. तिच्यातून ७ अँपिअर ओढायला गेलात तर ती तासभर टिकत नाही. अशा भारावर छापील क्षमतेच्या सुमारे ६० टक्केच हाती लागतात. जर्मन संशोधक विल्हेल्म प्यूकर्ट यांनी १८९७ मध्ये हे नातं सूत्रात बसवलं. फायर अलार्मच्या बाबतीत शांत काळातला उपसा इतका मंद असतो की तिथे छापील आकडा धरायला हरकत नाही. खोट येते ती शेवटच्या अर्ध्या तासात, बॅटरी जवळजवळ रिकामी असताना हूटर अचानक सहासात पट करंट मागतात तेव्हा.

माझा कल इथे ब्रिटिश सूत्राकडे आहे. आपल्या हवेत आणि आपल्या देखभालीच्या सवयीत ५ मिनिटांचा अलार्म अपुरा वाटतो. अंथरुणाला खिळलेले रुग्ण जिन्यावरून उतरवायचे असतील तर ५ मिनिटांत एक मजलाही रिकामा होत नाही.

वरच्या उदाहरणात एक गोष्ट लक्षात आली असेल. मोठा वाटा शांत काळाचा आहे, अलार्मचा नाही. म्हणून कोणी नंतर जोडलेली एखादी लहानशी वस्तू सगळा हिशेब उधळून लावते. याच रुग्णालयात कोणीतरी पुढे अग्निरोधक दारं उघडी धरून ठेवणारी सहा चुंबकं बसवली आणि त्यांना पॅनलच्या ऑक्झिलरी टर्मिनलवरून २४ व्होल्ट दिले असं समजू. प्रत्येकी ६० मिलिअँपिअर, एकूण ०.३६ अँपिअर. २४ तासांचे ८.६४ अँपिअर-तास! अख्ख्या यंत्रणेला शांत काळात लागतात त्याहून जास्त. खरं तर अशी दारं लाईट जाताच सुटून बंद होऊ दिली तरी चालतात. त्यांना बॅटरीवर धरून ठेवण्यात काहीच शहाणपण नाही. तरीही ती तशी जोडलेली सापडतात. कुठे अॅक्सेस कंट्रोलचं कुलूप, कुठे जीएसएम डायलर, कुठे कॅमेऱ्याचा लहानसा स्विच, कारण ‘इथे २४ व्होल्ट तयारच होते’. मूळ हिशेबाचा कागद मात्र पाच वर्षांपूर्वीचाच असतो.

त्यामुळे कागदावरच्या बेरजेवर थांबू नये, करंट प्रत्यक्ष मोजावा. त्याला लागतो एक मल्टिमीटर आणि थोडी शिस्त. आधी इमारतीत सगळ्यांना कळवायचं. गॅसने आग विझवणारी यंत्रणा, लिफ्ट, एसीचे डँपर यांना जाणारे आउटपुट पॅनलवरून बंद करायचे, हे विसरलात तर सर्व्हर रूममध्ये सिलिंडर रिकामा होईल. मग लाईट चालू असतानाच बॅटरीची एक वायर सोडवायची, मीटर १० अँपिअरच्या खाचेवर ठेवून मध्ये मालिकेत जोडायचा आणि त्यानंतर पॅनलचा मेन बंद करायचा. क्रम उलटा केलात तर पॅनलच बंद पडतं. मेन जाताच बझर वाजतो, ‘मेन फेल’ असं पडद्यावर येतं आणि मीटरवर एक आकडा स्थिरावतो. कागदावर ०.२८ असताना मीटर ०.५१ दाखवत असेल, तर कोणीतरी मध्ये हात घातला आहे. तो कोण, हे ऑक्झिलरी टर्मिनलला जोडलेल्या जादा वायरींचा माग काढत गेलं की सापडतं. मग एक डिटेक्टर चाचणीच्या धुराने चालवून सगळे हूटर वाजवायचे आणि दुसरा आकडा लिहून घ्यायचा. हे दोन आकडे आणि तारीख पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवले, की पुढच्या माणसाला डोळस सुरुवात मिळते.

दार उघडलंच आहे तर बॅटरीही बघावी. कुशी फुगल्या आहेत का, टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी आहे का, दोन्हींवरच्या उत्पादनाच्या तारखा सारख्या आहेत का. एक जुनी आणि एक नवी अशी जोडी लावणं ही पैसे वाचवण्याची सगळ्यात खोटी रीत. मालिकेत जुनी बॅटरी आधी रिकामी होते, नवीला पुरं भरू देत नाही आणि दोन्ही लवकर मरतात. बदलायच्या तर जोडीनेच, एकाच बनावटीच्या, एकाच तुकडीतल्या.

आता उष्णतेकडे वळू. या विषयातला आपल्या मातीतला भाग हाच आहे. लेड-अॅसिड बॅटरीचं कंपनीने सांगितलेलं आयुष्य २० किंवा २५ अंश तापमानासाठी असतं. त्याहून दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, हा या धंद्यातला ठोकताळा आहे. चार वर्षांची बॅटरी ३५ अंशांत दोन वर्षांची होते. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पॅनल कुठे बसवलेलं असतं? गेटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये, किंवा जिन्याखाली मीटरच्या खोलीत. त्यात बंद डबा, आत चार्जरची स्वतःची ऊब. चार्जिंगचं व्होल्टेजही तापमानानुसार उतरवावं लागतं, १२ व्होल्टच्या बॅटरीला अंशामागे सुमारे १८ मिलिव्होल्ट. स्वस्त पॅनलमध्ये ही सोय नसते. मग उन्हाळाभर बॅटरी जास्त व्होल्टेजवर शिजत राहते, आतलं पाणी उडतं आणि ती सुकते. कोकण-गोव्यात ऊन त्यामानाने सौम्य, पण खारी दमट हवा टर्मिनल खाते.

म्हणून १.२५ हा गुणक थंड हवेच्या देशातला आहे हे लक्षात ठेवावं. क्षमता छापील आकड्याच्या ८० टक्क्यांवर आली की बॅटरी बदलायची, असा सर्वमान्य संकेत आहे आणि १.२५ बरोबर त्यालाच धरून येतो: एक भागिले ०.८. म्हणजे सूत्र गृहीत धरतं की ८० टक्क्यांवर आल्याबरोबर तुम्ही ती बदलणार. आपल्याकडे ती फुगेपर्यंत बदलत नाहीत. या रुग्णालयातली ७ एएचची जोडी ८० टक्क्यांवर आली तर शांत अवस्थेतच २० तासांत संपते, हूटरसाठी काही उरत नाही. ५० टक्क्यांवर आली तर साडेबारा तासांत. बॅटरीचा आकार तिच्या शेवटच्या दिवसाचा विचार करून ठरवायचा असतो. ती बसवल्याच्या दिवशी सगळं छानच चालतं आणि कंत्राटदाराची चाचणीही त्याच दिवशी होते.

मोठी बॅटरी घातली की प्रश्न सुटला असंही नाही. ती भरायला तेवढा चार्जर हवा. युरोपातलं ईएन ५४ मालिकेतलं चौथं मानक सांगतं की पूर्ण रिकाम्या बॅटऱ्या २४ तासांत ८० टक्के भरल्या पाहिजेत. २६ एएचसाठी याचा अर्थ सरासरी ०.८७ अँपिअर, गळती धरून जवळपास १ अँपिअर, आणि त्याच वेळी यंत्रणेचा चालू भार वेगळा. लहान पॅनलचा चार्जर अर्ध्या-पाऊण अँपिअरचा असतो. त्याला २६ ची जोडी लावली तर ती कायम अर्धपोटी राहते आणि अर्धवट भरलेल्या लेड-अॅसिडच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात. ग्रामीण भागात रोज सहाआठ तास लाईट जात असेल तर हा हिशेब आणखी कडक होतो, कारण तिथे भरायला २४ तास मिळतच नाहीत. अशा ठिकाणी एका दिवसाचा खड्डा त्याच दिवशी भरून निघतो का, हे पाहायला हवं. पॅनलच्या माहितीपुस्तिकेत ‘जास्तीत जास्त किती एएच’ हे लिहिलेलं असतं. त्यापुढे जायचं तर वेगळा पॉवर सप्लाय आणि वेगळा बॅटरीचा डबा घ्यावा.

वायरचाही संबंध बॅटरीशी आहे, आणि हा मुद्दा फार थोडे जण हिशेबात घेतात. मेनवर पॅनल २४ व्होल्ट देतं. बॅटरी उतरत आली की तेच २०.४ व्होल्टवर येतं. २२ हूटर एकाच वायरीवर आहेत, वायर १५० मीटर लांब, १.५ चौरस मिलिमीटरची, असं धरा. जाऊन-येऊन रोध सुमारे ३.६ ओहम. सगळे हूटर अगदी टोकाला आहेत असं वाईटात वाईट गृहीत धरलं तर १.३२ अँपिअरला ४.८ व्होल्ट वायरीतच जातात. मेनवर टोकाला १९.२ व्होल्ट पोचतात आणि हूटर खणखणीत वाजतात. बॅटरीच्या अखेरीस १५.६ उरतात, आणि ज्या हूटरची किमान मर्यादा १६ व्होल्ट आहे ते गप्प बसतात. मेनवर घेतलेली चाचणी हा दोष कधीच दाखवणार नाही. उपाय खर्चिक नाही: वायर २.५ ची घ्या किंवा हूटर दोन वायरींवर वाटा.

चाचणीचं आपल्याकडे जे रूप झालं आहे ते मात्र काळजी करण्यासारखं आहे. एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, माणूस येतो, बॅटरीच्या टोकांवर मीटर लावतो, २७ व्होल्ट दिसतात, रजिस्टरवर ‘ओके’ लिहितो. ते २७ व्होल्ट चार्जरचे असतात. बॅटरी पूर्ण मेलेली असली तरी काही वेळा तेवढेच दिसतात. चार्जर काढून, सगळे हूटर वाजवून, अर्ध्या तासाने व्होल्टेज किती उरलं हे पाहिल्याशिवाय बॅटरीबद्दल काहीही म्हणता येत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलैमध्ये, वर्षातून दोनदा, ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं असतं. ही चांगली तरतूद आहे. त्यासोबत मोजलेले दोन करंट, बॅटरीची तारीख आणि भारावरचं व्होल्टेज जोडायची सवय लावून घेतली तर त्या कागदाला वजन येईल. सोसायटीच्या सचिवाने एवढं मागितलं तरी पुरे, त्यासाठी कायदा बदलायची गरज नाही.

आणि किती तास, या प्रश्नाला एक टोक असं आहे जिथे बॅटरी पोचतच नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई महानगरात सकाळी वीज गेली आणि काही भागांत ती परत यायला रात्र झाली. २४ तासांची बॅटरी तिथे निभावून नेते. पण त्याच वर्षी ३ जूनला आलेल्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि रत्नागिरीतली कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. तिथे ७२ तासांची बॅटरीही अपुरी. अशा वेळेसाठी माणसांची गस्त हाच पर्याय आहे आणि रुग्णालयांनी, वसतिगृहांनी तो आधीच लिहून ठेवावा: बॅटरी संपली की कोणत्या मजल्यावर कोण फिरणार, दर किती मिनिटांनी, हातात शिट्टी की घंटा.

हल्ली लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या सुचवल्या जातात. त्या हलक्या आहेत, उन्हात जास्त टिकतात, भारी उपशावर त्यांची क्षमता फारशी घटत नाही. आपल्या हवेसाठी त्या आकर्षक आहेत यात शंका नाही. पण त्यांचं चार्जिंग वेगळं असतं आणि आत बसवलेलं संरक्षक सर्किट मर्यादा ओलांडली की पुरवठा एका क्षणात तोडतं. लेड-अॅसिड हळूहळू उतरते, पॅनलला ‘बॅटरी लो’ म्हणायला वेळ देते. लिथियममध्ये तो इशारा मिळेलच असं नाही. पॅनलमधला चार्जर लेड-अॅसिडसाठी बनवलेला असताना कोणी नुसती बॅटरी बदलून लिथियम घालत असेल तर त्याला थांबवावं. पॅनल बनवणाऱ्याने त्या विशिष्ट बॅटरीला लेखी मान्यता दिली असेल तरच ती बसवावी.